बाटलीवरचं अर्धं वाक्य

दुकान,
६ ऑगस्ट

प्रिय खार,

मोठ्या बाईंचे केस टोकापासून चार बोटं वरपर्यंत फाटलेत. आज सकाळी मी खिडकीपाशी उजेडात पाहिलं आणि समोरच्या चष्मेवाल्याने भिंग लावून खात्री केली. भिंगातून बघत तो म्हणाला, "ताई, हा केस कसला, हा तर झाडू!" मोठ्या बाई तिथेच खुर्चीत बसून ऐकत होत्या. मग त्याने जीभ चावली आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणत पळाला.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला चिडते आणि तिसऱ्याला रडते. शिवाय एक हात कायम कात्रीत अडकलेला असतो.

मोठ्या बाई तुला माहीत नाहीत. इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत. पाच वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांचे सगळे केस गेले. पुन्हा उगवायला लागले तेव्हापासून दर तीन महिन्यांनी माझ्याकडे यायच्या आणि मी एक बोट टोकं छाटायची. घरी दर एक तारखेला त्या फुटपट्टीने केस मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. मला म्हणाल्या होत्या, "केस कमरेला टेकले की आजार संपला असं मी समजणार. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

गेलं वर्षभर त्या आल्या नाहीत. मला वाटलं, आजार उलटला की काय. घरी जाऊन विचारायचा धीर झाला नाही.

आज आल्या. पिशवीतून बाटली काढून आरशापुढे ठेवली. तू जिथे लेबलं लिहितेस त्या कारखान्याच्या तेलाची. वर माझा फोटो, खाली 'केशतज्ज्ञ, तीस वर्षांचा अनुभव' आणि माझ्या तोंडी घातलेलं वाक्य: 'हे तेल केसांचे फाटे जोडतं.'

"वर्षभर लावतेय," बाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हटलंय म्हणून छाटायला आले नाही. फाटे जोडले जाणार असतील तर तिमाहीला एक बोट कशाला घालवा? कमरेला तीनच बोटं उरलीत. पण हल्ली कंगव्यात तुकडे येतात. आणखी किती दिवस लावू?"

मी काय म्हणाले असेन? "बघू," म्हटलं. "पुढच्या आठवड्यात या."

खार, केस म्हणजे दोर. वरून साल, आत धागे. घासून, तापवून, ओढून साल गेली की आतले धागे सुटतात आणि एकदा सुटले की चिरत वर जातात. टोकाकडचा केस मेलेला असतो गं, नखासारखा. तुटल्या नखाला कोणी टाके घालतं का? तेलाने धागे एकमेकांना चिकटून बसतात, तेही सुईत ओवताना दोऱ्याचं टोक ओठात ओलं करावं तेवढ्यापुरतं. वाळलं की पुन्हा पिसारा.

हे मी तुला लिहून दिलं होतं. माझं वाक्य मला पाठ आहे: 'तेल लावलं की फाटे जुळतात, धुतलं की पुन्हा सुटतात, आणि खरा उपाय कात्रीच.' यातलं 'जुळतात' कुठे गेलं आणि 'जोडतं' कुठून आलं? पुढचं वाक्य कोणी गिळलं?

बाटल्या मी फळीवरून काढून बेसिनखाली ठेवल्यात. उलट टपाली उत्तर दे.

आत्या


कारखाना,
१० ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. पाकीट उघडायच्या आधीच तुझ्या अक्षरावरून कळलं की आज माझी चंपी आहे.

आधी एक सांगते. बाटलीवर लेबलाला जागा किती, तर तुझ्या अंगठ्याएवढी. त्यात तेलाचं नाव, वजन, तारीख, पत्ता, तुझा फोटो आणि उरलेल्या जागेत तुझं वाक्य. इथे सगळ्या मजकुराची कापाकापी होते. तुझा धंदा तो माझा धंदा, मी फक्त अक्षरं छाटते. 'जुळतात' आमच्या मालकांना कळलं नाही, त्यांनी 'जोडतं' केलं. जुळणं काय, जोडणं काय, तेल घेणाऱ्या बाईला त्यात काय फरक पडतो? केसांचे फाटे निस्तरता निस्तरता तू शब्दांनाही फाटे फोडायला लागलीस.

आणि रागावू नकोस, पण छापायच्या आधी प्रूफ तुला पाठवलं होतं. त्यावर तू जे लिहून पाठवलंस ते माझ्याकडे आहे: 'फोटोत माझं कपाळ मैदानासारखं दिसतंय. बाकी झकास.' मी छायाचित्रकाराच्या मागे लागून कपाळ अर्धं करून घेतलं. तू 'बाकी झकास' म्हणालीस, आत्या. मग बाकी छापलं.

मोठ्या बाईंचं ऐकून वाईट वाटलं. पण वर्षभर एकच तेल लावत बसायला आम्ही सांगितलं नव्हतं. एखादं चांगलं सीरम नाही का देता येणार? किंवा दर आठवड्याला अगदी नखाएवढं कापत गेलीस तर त्यांच्या लक्षातही येणार नाही. तुझा हात हलका आहे.

बाबा बरे आहेत. तुझी बाटली त्यांनी बाहेरच्या खोलीत ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

तुझी,
खार


दुकान,
१६ ऑगस्ट

प्रिय खार,

प्रूफाचं खरं आहे. मी 'बाकी झकास' लिहिलं होतं. तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला होता, समोरच्याने काडी बदलायला आठ दिवस लावले. फोटो तेवढा दिसला, बारीक अक्षरं दिसली नाहीत. पण न वाचता 'झकास' म्हणणारी बाई ती मीच. तुला एकटीला झापलं याची लाज वाटली.

नखाएवढं कापायचा तुझा सल्ला मात्र पुन्हा कोणाला देऊ नकोस. चीर चार बोटं वर गेली असताना टोकाला नखाएवढं कापणं म्हणजे उसवलेल्या बाहीचं बटण बदलणं. फाटा जिथे संपतो त्याच्या एक बोट वर कापावं लागतं. आणि लक्षात येणार नाही म्हणतेस? त्या बाई मिलिमीटरमध्ये मोजतात.

त्या परवा आल्या. मी ठरवून ठेवलं होतं, खुर्चीत बसल्या की पहिलं वाक्य हेच: बाई, हे जोडलं जात नाही, कापावं लागेल. त्या बसल्या. मी टॉवेल लावला. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचा फोटो छान आलाय हो. माझ्या बहिणीला दाखवला. म्हटलं, यांच्या हाताखाली वाढलेत हे केस."

मग माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते ऐक. "हवा कोरडी आहे," मी म्हटलं. "डोकं धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. ओल्या केसांत कंगवा घालू नका, घालायचाच तर रुंद दातांचा, आणि गुंता खालून वर सोडवत या, वरून खाली ओढू नका. ओले बांधू नका. रबर लावायचं तर कापड गुंडाळलेलं लावा, रोज एकाच जागी नको. ड्रायर लांबून आणि कोमट. उन्हात डोकं झाका. तेल धुवायच्या आधी लावा, गरम करून थापू नका. आणि फाटा दिसला की तो दोन बोटांत धरून सोलू नका." तो शेवटचा सल्ला खरं तर तुझ्यासाठीचा, लहानपणी तू केळं सोलल्यासारखा केस सोलत बसायचीस.

बाई हे सगळं डायरीत लिहून घेत होत्या. मुद्दे घालून. मधेच थांबून विचारलं, "'दाबून टिपणे' की 'टिपून दाबणे'?"

कोरड्या हवेची थाप सोडली तर यातला एक शब्द खोटा नाही. न फाटलेल्या केसांना हे सगळं लागू आहे, कोणीही विचारावं. पण जे फाटलंय त्याला काय, हे मी सांगितलं नाही. खऱ्या गोष्टी मी एकावर एक रचल्या आणि मुख्य गोष्ट त्यांच्याखाली लपवली. शेवटी थोडं सीरम चोळून दिलं, टोकं गुळगुळीत दिसली. "बघा, फरक पडतोय," बाई म्हणाल्या. मी आरशाकडे पाठ करून कंगवे धुवायला घेतले.

परवापासून आणखी तीन बायका बाटली घेऊन आल्यात. त्या तिघींचं मी सरळ कापलं, काही न बोलता. मोठ्या बाईंचं तसं होत नाही.

चीर रोज वर जातेय, खार. दर धुण्याला थोडी.

आत्या


कारखाना,
२३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र टेबलाच्या खणात ठेवलं होतं, दिवसातून तीनदा काढून वाचायचे. आज मालक माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, माल संपत आला. नवीन लेबलं टाकूया, या वेळी ताईंचा फोटो मोठा घ्या. लोक फोटो बघून घेतात." ते गेल्यावर मी तुला हे लिहायला बसले.

मालकांनी शब्द बदलला असं मी म्हटलं होतं. ते अर्धं खरं आहे. सगळं सांगते.

तुझं वाक्य लांब होतं. मी ते 'फाटे जुळतात' इथे तोडलं आणि पुढे पूर्णविराम दिला. मी, आत्या. कोणी सांगितलं नव्हतं. 'धुतलं की पुन्हा सुटतात' हे तेलाच्या बाटलीवर कोण छापेल, असं स्वतःशीच म्हटलं आणि छाटलं. मग कागद मालकांकडे गेला. ते म्हणाले, "जुळतात म्हणजे काय? लग्न जुळतं तसं?" मी हसले. ते म्हणाले, "सरळ जोडतं लिहा की." आणि मी लिहिलं. त्यांना केसांतलं काही कळत नाही, त्यांच्या डोक्यावर चारच आहेत. मला कळत होतं. तुझं पूर्ण वाक्य माझ्यासमोर पडलेलं होतं.

'केशतज्ज्ञ' हा शब्दही माझाच. तो का घातला ते आजवर तुला सांगितलं नाही.

सातवीत असताना प्रत्येकाला वर्गासमोर घरातल्या कोणाच्या तरी कामाबद्दल बोलायचं होतं. मी तुझ्याबद्दल बोलले. म्हटलं, "माझी आत्या दिवसभर उभी राहून कात्री चालवते. तिचं माप कधी चुकत नाही." आमच्या वर्गाच्या बाईंनी विचारलं, "अरे वा, फ्रॉक शिवते का?" मी मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधोमध कुठेतरी हलवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तू आमच्याकडे राहायला आलीस आणि मला शाळेतून न्यायला निघालीस की मी तुला कोपऱ्यावर थांबायला सांगायची. तू विचारलं होतंस, गेटपाशी का नको? मी म्हटलं होतं, तिथे गर्दी असते.

घरातही तसंच. बाबांना कोणी विचारलं तर ते "बहिणीचं छोटंसं दुकान आहे" म्हणायचे. कशाचं असं पुढे विचारलं की त्यांना नेमकी चहाची आठवण व्हायची.

म्हणून मला वाटलं, एकदा छापून टाकावं. केशतज्ज्ञ. फोटोसकट, हजारो बाटल्यांवर. माझ्या मनात तो तुझा सत्कार होता. सत्कारात बसत नव्हतं तेवढं मी कापलं.

आता मोठ्या बाईंना काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू सांगशील तसं करते. मालकांना मी अजून काही बोललेले नाही.

खार


कारखाना,
३० ऑगस्ट

आत्या,

आठवडा झाला, उत्तर नाही. दुकानाचा फोनही कोणी उचलत नाही. शिव्या दे, पण दे.

खार


दुकान,
३ सप्टेंबर

प्रिय खार,

शिव्या देणार नाही, हक्क राहिला नाही म्हणून. फोन मीच काढून ठेवला होता.

माझा चष्मा दुरुस्तीला नव्हता. नाकावर होता. समोरच्या बिचाऱ्याला मी उगाच आठ दिवस लावले, त्याने काडी दहा मिनिटांत बदलून दिली होती, तीही आदल्या महिन्यात. प्रूफ आलं तेव्हा मी ते वाचलं. तीनदा वाचलं. 'जोडतं' बघून पेन्सिल हातात घेतली होती, शब्दाखाली रेघही मारली. मग वर नजर गेली. केशतज्ज्ञ.

तीस वर्षांत मला लोकांनी काय काय म्हटलंय. केस कापणारी. पार्लरवाली. तुझ्या आईच्या माहेरी एकदा 'ती न्हावीण' म्हणून ऐकलं, दाराआडून. मनात आलं, आपण एक शब्द खोडला तर कागद परत जाईल, मालक म्हणेल एवढी कटकट असेल तर ही बाईच नको. रेघ रबराने पुसली. काहीतरी लिहायला हवं म्हणून कपाळाबद्दल लिहिलं. स्वतःला सांगितलं, बाटलीवरचं कोण वाचतं?

मग बाटली आली. तुमच्याकडे आले होते तेव्हा दादाकडे कोणी पाहुणे होते. मी आत पाणी पीत होते. बाहेरून दादाचा आवाज आला, "ही माझी बहीण. केशतज्ज्ञ आहे." त्याने चहा मागवला नाही, गं. थांबला, आणि त्यांना बाटली हातात धरून बघू दिली. त्या दिवसानंतर तो शब्द खोटा आहे हे कोणाला सांगायला मी जाणार होते?

तू सातवीतलं लिहिलंस. मला माहीत होतं. कोपऱ्यावर थांबायला सांगणाऱ्या पोरीची आत्या काही दुधखुळी नसते. ते मनावर घेऊ नकोस, मी घेतलंय तेवढं पुरे.

काल मोठ्या बाईंच्या घरी गेले. दुकानात सांगायला जीभ रेटली नसती, माझ्याच आरशात माझंच तोंड दिसतं. त्या टेबलापाशी वही उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात. एक तारखेला मोजलं तर मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं. तीनदा मोजलं. पट्टी बदलून मोजलं. म्हातारपणी मोजता येईना की काय?"

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बाई, मोजणं बरोबर आहे. केस टोकाला तुटताहेत. फाटे जोडले जात नाहीत. कशानेच नाही. लेबलावर खोटं छापलंय."

"तुमच्या नावाने कोणी परस्पर छापलं?"

इथे एक सोपा रस्ता होता बघ. 'हो' म्हणायचं, तुझं आणि मालकाचं नाव पुढे करायचं. मी म्हटलं, "छापायच्या आधी मी वाचलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सहा ऑगस्टला मी बाटली घेऊन आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि त्या सगळ्या सूचना? दाबून टिपणे वगैरे?"

"त्या खऱ्या आहेत. पण त्या मी हे सांगायला लागू नये म्हणून सांगितल्या."

"का पण?"

"लाज वाटली, बाई."

मग अगदी हळू म्हणाल्या, "लाज तुम्हाला वाटली, आणि केस माझे गेले."

रडू दिलं नाही मी स्वतःला. रडले असते तर त्यांनाच उठून पाणी द्यावं लागलं असतं. तेवढं मात्र त्या वेळी कळलं.

त्यांनी केस पुढे घेतले आणि विचारलं, "आता किती?" मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. चाराची पाच बोटं झालीत. महिन्याला पाऊण बोट केस वाढतो. त्यांनी हिशेब माझ्या आधी केला. वहीत काहीतरी लिहिलं, मला दिसू नये असं हाताने झाकून, आणि वही मिटली.

"चौदा तारखेला मंगळवार आहे," त्या म्हणाल्या. "दहाला तुमच्याकडे बायका असतात ना?"

"असतात."

"मग तेव्हा येईन. त्यांच्यासमोर कापा. आणि कापायच्या आधी का कापताय ते सांगा. मला सांगून झालं, त्यांना सांगा. त्यातल्या किती जणींच्या घरी ती बाटली असेल."

दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत. मी चप्पल घालताना आतून आवाज आला, "तुम्ही वाचलंत, पण ते वाक्य लिहिलं कोणी?" मी म्हटलं, "माझ्या भाचीने." म्हणाल्या, "तिला बोलावू नका. यायचं असेल तर आपणहून येऊ दे."

बोलावत नाहीये. फक्त कळवतेय.

आत्या


कारखाना,
८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं आणि तसंच उठून मालकांच्या खोलीत गेले. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसले नाही. बसले असते तर बोलणं गोड झालं असतं.

त्यांच्यापुढे तुझं मूळ पत्र ठेवलं. म्हटलं, हे पूर्ण वाक्य आहे, मी ते अर्धं केलं होतं. नवीन लेबलावर पूर्ण जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही.

त्यांनी वाचलं. "खरा उपाय कात्रीच? अहो मॅडम, आपण तेल विकतो की कात्र्या?"

"तेल. पण तेलाने टोकं मऊ राहतात, केस कमी घासतो, नवे फाटे कमी पडतात, हे खरंच आहे. ते छापू. जोडतं हे खरं नाही."

"एवढ्याला जागा कुठाय?"

मी सांगितलं, फोटोची जागा आहे. फोटो काढला तर तुझं सबंध वाक्य बसतं, मी मोजून पाहिलंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या चार केसांना हात घातला. "लोक फोटो बघून घेतात," पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच."

हे मी तुला न विचारता केलं. तुझा चेहरा मी तुझ्या परवानगीशिवाय काढून टाकायला निघालेय, हे घरी आल्यावर लक्षात आलं. एकदा विचारलं होतं तेव्हा तू कपाळाबद्दल लिहिलंस, म्हणून या वेळी विचारायला घाबरले असेन. 'नको' असेल तर लगेच कळव. मजकूर सतरा तारखेला छापायला जातो, मालक सोळाला संध्याकाळी काय ते सांगणार आहेत. ते नाही म्हणाले तर मी राजीनामा देईन असं शूरपणे लिहिणार होते, पण खोटं होईल. मी काय करेन ते मला माहीत नाही.

बाबांना सगळं सांगितलं. तू दाराआडून ऐकलेलंही. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तिला विचार, मंगळवारी मी आलो तर चालेल का?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. पत्र लिहायला बसलेत, तीन कागद फाडून झालेत.

मी येतेय. सोमवारची बस.

खार


दुकान,
११ सप्टेंबर

प्रिय खार,

फोटो काढून टाक. मोठा नको, छोटा नको, काढच. वाक्याच्या शेवटी माझं नाव घातलं तरी चालेल, आणि पुढे 'केस कापणारी' लिही. मालकाला जागा कमी पडली तर माझं वाक्य आणि ते दोन शब्द सोडून बाकी काय हवं ते छाट.

दादाचं पत्र आलं. चारच ओळी आहेत आणि त्यातल्या दोन हवामानावर. येऊ दे त्याला. दुकानात पुरुषांना बसायला जागा नाही, चष्मेवाल्याच्या बाकावर बसेल. त्या चष्मेवाल्याला मी सगळं सांगितलं, काडीचंसुद्धा. म्हणाला, "ताई, आठ दिवस म्हणे! माझ्या धंद्याची बदनामी!" मग हसला, आणि मग मंगळवारी भिंग घेऊन येऊ का म्हणाला. मी म्हटलं, भिंग आण, तोंड घरी ठेव.

ज्या तिघींचे मी मुकाट्याने कापले होते त्यांना निरोप धाडलाय. दोघी येणार आहेत. तिसरीने निरोप नेणाऱ्यालाच दोन शब्द सुनावले. ते माझ्यापर्यंत पोचले, आणि रास्त होते. शिवाय नेहमीच्या चारपाच जणी असतीलच. काय बोलायचं ते दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा त्यात हवा कोरडी असल्याचं आलं. ते कागद फाडलेत. आता कागदाशिवाय बोलेन.

तू सोमवारी आलीस की बेसिनखालच्या बाटल्या काढून एका खोक्यात भर. मंगळवारी खोकं दाराशी ठेवू, ज्यांना आपली परत करायची त्या त्यात टाकतील.

दहाला बाई येतील. आधी बोलायचं, मग कापायचं, हा क्रम त्यांनी ठरवून दिलाय. पाच बोटं जातील, ओले करून विंचरल्यावर कदाचित सहा. त्यानंतर कमरेला टेकायला दीड वर्षाच्या वर लागेल आणि त्या काळात दर तीन महिन्यांनी कोणाला तरी टोकं छाटावी लागतील. ती कोणी छाटायची हे मी विचारणार नाही. खुर्चीतून उठताना त्याच काय ते सांगतील.

आत्या